रबराची गाठ

“रबर काढा! रबर काढा रे!”

इंगवले सुपरवायझर शेडच्या दारातून ओरडत आला, तेव्हाच आम्हाला कळलं की कारखाना निरीक्षकाची जीप गेटवर लागली आहे. मी माझी प्रेस बंद केली, जेवणाचा डबा उघडला, त्यातली भाकरी कागदात गुंडाळून बाजूला ठेवली आणि रिकामा डबा घेऊन ओळीनं निघालो. एक नंबर, दोन नंबर, चार, पाच. प्रत्येक जण आपल्या प्रेसचं डावं बटण मोकळं करायचा आणि सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा माझ्या डब्यात टाकायचा. सात तुकडे झाले की डबा बंद करून मी तो इंगवल्याच्या कपाटात ठेवायचो आणि तो वर कुलूप लावायचा. निरीक्षक आत आले तेव्हा आठ प्रेसवर आठ जण दोन्ही हातांनी दोन बटणं दाबत उभे होते. तपासणीच्या दिवशी शाळेतली पोरं बसतात ना हाताची घडी घालून, तसे.

पॉवर प्रेस ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली एक साचा असतो, वर एक. मध्ये पत्र्याचा तुकडा ठेवायचा आणि बटण दाबायचं. वरचा साचा चाळीस टनांच्या जोरानं खाली येतो आणि पत्र्याचं ब्रॅकेट होतं. मध्ये बोट असेल तर बोटाचंही होतं. म्हणून मशीन बनवणाऱ्यानं हातभर अंतरावर दोन बटणं दिलेली असतात. दोन्ही एकदम दाबली तरच साचा खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर आहेत याची खात्री. कुणीतरी डोकं चालवून केलेली गोष्ट होती. आम्ही त्याच्यापेक्षा शहाणे.

खरं तर ‘आम्ही’ कशाला म्हणू, ती युक्ती माझीच. डावं बटण रबरानं कायमचं दाबून ठेवलं की डावा हात पत्रा ठेवायला मोकळा, आणि उजवा नुसता बटण दाबत राहतो. पाळीला चारशे नग निघायचे तिथं सातशे निघायला लागले. इंगवल्यानं ते पाहिलं, आणि महिनाभरात सातही प्रेसना रबर लागलं. रबर बांधायचं काम माझ्याकडंच. दुसऱ्यानं बांधलेलं धक्क्यानं निसटायचं आणि निसटलेलं मला बघवायचं नाही. माझा बाप जन्मभर उसाच्या वाड्याच्या, म्हणजे शेंड्याच्या वैरणीच्या, मोळ्या बांधायचा. एका हातानं मारायची उलट्या फासाची गाठ मला त्याच्याकडून आली होती. बापानं त्या गाठीवर गुरं जगवली. मी काय केलं ते पुढं येईलच.

निरीक्षक चहा पिऊन गेले. मी कपाटातून डबा आणला आणि पुन्हा ओळीनं बांधत निघालो. आठ नंबरला आण्णाप्पा मगदूम दोन्ही हातांनी बटणं दाबत होता तसाच दाबत राहिला. त्यानं कधीच रबर लावून घेतलं नव्हतं.

“आण्णा,” मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, “निरीक्षक गेलं. आता एक हात खाली घेतला तरी चालंल.”

शेड हसली. मगदूम हसला नाही, रागावलाही नाही. “माझं दोन्ही हात कामाला लागलेत सर्जेराव,” तो म्हणाला. “तुझं तू बघ.”

हा मगदूम युनियनचा सेक्रेटरी. साठ कामगारांच्या कारखान्यात त्याच्याकडं जेमतेम बावीस सभासद. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, बोलायला लागला की ऐकणाऱ्याला जांभई यायची. पुढाऱ्यासारखा आवाज नाही, मुठी आवळणं नाही. गेटवर सभा घ्यायचा आणि स्थायी आदेशांतली, म्हणजे नोकरीच्या नियमांतली, कलमं वाचून दाखवायचा. रबराविरुद्ध त्यानं कंपनीला तीन अर्ज दिले होते. सातशे नगांचं मानक रद्द करा, बटणं मोकळी करा, वगैरे. मी त्याची नक्कल करून दाखवायचो. “जे चारशेच्या वर काढू शकत नाहीत त्यांची युनियन,” असं मीच तिचं नाव पाडलं होतं. दिवाळीला कंपनीनं मला उत्कृष्ट कामगार म्हणून प्रेशर कुकर दिला, तर तो घेऊन मी मुद्दाम सभेच्या समोरून घरी गेलो. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडी लागत नव्हती.

पाच नंबरला दस्तगीर मुल्लाणी होता. माझ्या गावचा, माझ्या शब्दावर लागलेला, तीस वर्षांचा. आम्ही दोघं एकाच रस्त्यानं सायकलवर यायचो. नोकरीत कायम झाल्यावर एकदा वाटेत तो म्हणाला,

“सर्जादा, मगदूम आण्णा म्हणत हुते, सभासद हो म्हणून. काय करू?”

“कशाला? तुला काय कमी हाय?”

“तसं काय न्हाई. पण उद्या काय झालं तर कुणीतरी पाठीशी असावं म्हणतात.”

“पाठीशी मी हाय की!” मी म्हणालो. “त्या बावीस जनांत जाऊन बसलास तर इंगवले साहेब तुला झाडू मारायला लावंल. मगदूम काय करनार? कलम वाचनार.”

दस्तगीर हसला आणि विषय मिटला. माझ्या शब्दाला त्याच्याकडं इतकी किंमत होती. ती किंमत करणारा जगात तो एकटाच असावा.

श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी सव्वाअकराला पाच नंबरवर पत्रा साच्यात अडकला. दस्तगीर डाव्या हातानं तो सोडवायला गेला आणि उजवा हात सवयीनं बटणावर पडला. एवढंच. ओरडला नाही. आधी नुसता हाताकडं बघत उभा राहिला, मग खाली कोसळला. डाव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली होती, अंगठा आणि करंगळी राहिली होती.

आता मी जे सांगतो ते मी कैक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे दस्तगीरकडं धावले. मीही धावलो. तेवढ्यात मागून इंगवले दबक्या आवाजात म्हणाला, “चौगुले, आधी रबर काढ.” आणि मी काढलं. दस्तगीरला धरायच्या आधी मी त्याच्या प्रेसचं रबर सोडवलं, ओलं होतं, ते इंगवल्याच्या हातात दिलं आणि मग वळलो. मी वळलो तेव्हा दस्तगीर माझ्याकडंच बघत होता. मगदूमनं त्याच्या हाताला आपला सदरा गुंडाळला होता. तोच त्याला रिक्षात घालून विम्याच्या दवाखान्यात घेऊन गेला, उघड्या अंगानं.

आधी कंपनीचा विचार होता की रबर नव्हतंच म्हणायचं. पण मग हात आत असताना साचा खाली आला कसा? म्हणजे मशीन सदोष, म्हणजे मालक जबाबदार. तेव्हा दुसरं ठरलं: दस्तगीरनंच चोरून रबर बांधलं, सुपरवायझरची मनाई मोडली, सुरक्षेच्या साधनाशी छेडछाड केली. गंभीर गैरवर्तन. टाके निघायच्या आत त्याच्या घरी आरोपपत्र गेलं. चौकशी होणार आणि बडतर्फी होणार, हे तर शेडमधल्या भिंतींनाही माहीत होतं. तीन बोटं गेलेल्या प्रेसवाल्याला दुसरीकडं कुणी उभं करणार नव्हतं. म्हणजे नोकरी गेली की दस्तगीर संपला.

मला खर्डेकर साहेबांनी बोलावलं. हे आमचे कामगार अधिकारी.

“या चौगुले. बसा.”

सतरा वर्षांत त्या खोलीत मला कुणी बसा म्हणालं नव्हतं. कपबशीतून चहा आला. टाइप केलेला कागद समोर आला. ‘मी दस्तगीर मुल्लाणी यांना डाव्या बटणास रबर बांधताना पाहिले. सुपरवायझर यांनी त्यांना माझ्यासमोर मनाई केली होती.’

“एवढंच सांगायचं,” खर्डेकर म्हणाले. “आणि हो, दिवाळीनंतर चार्जहँडची, म्हणजे इंगवल्यांच्या खालोखालची, जागा निघतेय. शेडमध्ये तुमच्याइतका हुशार माणूस आहे कुठं?”

मी सही केली. दस्तगीरचा विचार आला नाही असं नाही. आला, आणि मी त्याला समजावलं की बोटं तर गेलीच आहेत, आता मी सही केली काय अन् न केली काय. चहा संपवला. चांगला होता.

चौकशी कॅन्टीनमागच्या खोलीत. चौकशी अधिकारी म्हणून कंपनीनं नेमलेले निंबाळकर वकील, शेजारी टाइप करायला एक मुलगी, बाजूला खर्डेकर आणि इंगवले. समोर दस्तगीर, हाताला पांढरं बोचकं. आणि त्याच्या शेजारी कापडी पिशवी मांडीवर घेऊन मगदूम. मला हसूच आलं.

खर्डेकरांनाही आलं असावं. “मगदूम, मुल्लाणी अपघाताच्या दिवशी तुमचे सभासद नव्हते. तुम्ही इथं कसे?”

“परवा झालाय की सभासद,” मगदूम म्हणाला. “आणि नसता झाला तरी सहकामगार प्रतिनिधी म्हणून घेता येतो. स्थायी आदेश, कलम...”

“बसा, बसा,” निंबाळकर घाईनं म्हणाले. कलमं ऐकायची त्यांचीही तयारी नव्हती.

मी साक्ष दिली. पाठ केलेली, एकही शब्द चुकला नाही. मुलीनं टाइप केली. दस्तगीर सगळा वेळ टेबलाच्या कडेकडं बघत होता.

मग मगदूम उठला. पिशवीतून त्यानं भंगारातली एक जुनी बटणाची पेटी काढून टेबलावर ठेवली, आणि ट्यूबचा एक तुकडा.

“सर्जेराव, तू दस्तगीरला रबर बांधताना बघितलंस.”

“व्हय.”

“कसं बांधलं त्यानं?”

“कसं म्हंजे? बटणाभोवती गुंडाळलं, झालं.”

“असं?” मगदूमनं रबर पेटीभोवती फिरवलं आणि साधी गाठ मारली. रबर घसरलं, बटण वर आलं. “का असं?” त्यानं दोन वेढे दिले. ते ताणलं गेलं आणि सुटून निंबाळकरांच्या कागदावर जाऊन पडलं. टाइप करणारी मुलगी हसली.

“मगदूम, हा काय पोरखेळ आहे?” खर्डेकर म्हणाले.

“साहेब, मला कधी बांधायची वेळ आली न्हाई. दस्तगीरनं बांधलं म्हणता तर कसं बांधलं ते तर कळू दे.” आणि तो पुन्हा लागला. जीभ दातात धरून, एखादी म्हातारी सुईत दोरा ओवते तसा. तिसऱ्यांदा निसटलं. चौथ्यांदा त्यानं चक्क फुलासारखी गाठ मारली, बुटाच्या नाडीला मारतात तशी.

मला तुम्ही काहीही म्हणा, पण कुणी माझ्यासमोर काम बिघडवत असेल तर माझे हात शिवशिवतात. ही खोड जन्माची आहे. सुताराच्या हातातला रंधा मी हिसकावून घेतला आहे, बायकोच्या हातातलं लाटणं घेतलं आहे. आणि समोर हा ठोंब्या माझ्या कारागिरीची अशी विटंबना करत होता!

“अहो असं न्हाई!” मी म्हणालो. “ते ऱ्हाईल का तसं? आणा इकडं!”

मी रबर घेतलं. एका हातानं वेढा, अंगठ्याखालून उलटा फास, एक झटका. दोन सेकंद लागली नसतील, आणि पेटीकडं मी बघितलंसुद्धा नाही. बटण दबलं ते दबलंच. मी पेटी मगदूमकडं ढकलली आणि विजयी मुद्रेनं सगळ्यांकडं पाहिलं.

इंगवल्याचा चेहरा पत्र्यासारखा झाला होता.

मगदूमनं पिशवीत हात घातला आणि सहा रबरं एकेक करून टेबलावर मांडली. गाठीची बाजू तशीच ठेवून दुसऱ्या बाजूनं कात्रीनं कापलेली. सहाही गाठी जशाच्या तशा.

“दवाखान्यातून मी दुपारी परत आलो,” तो निंबाळकरांना म्हणाला, “तेव्हा सगळी गेटवर गर्दी करून हुती. शेडमध्ये कुणी न्हवतं. ही सहा प्रेसवरची सहा रबरं. सातवं सापडलं न्हाई.” मग माझ्याकडं वळला. “सर्जेराव, ही गाठ आणि ही गाठ एकच हाय न्हवं?”

“एकच.”

“ही गाठ दस्तगीरला येती?”

“त्याला?” मी हसलो. “त्याला काय, शेडमध्ये कुणाला यीत न्हाई. माझ्या बापाची गाठ हाय ती.”

खर्डेकर ताडकन उठले. “चौगुले! विचारलंय तेवढंच बोला! अक्कल गहाण टाकलीय का?”

त्या मुलीसमोर, इंगवल्यासमोर, मगदूमसमोर. आठवड्यापूर्वी ‘बसा’ म्हणणारा, कपबशीतून चहा देणारा माणूस. माझ्या कानशिलातून वाफ निघाली.

“अक्कल हाय म्हणून तर सातशे नग निघत हुतं साहेब!” मी म्हणालो. “तुमच्या इंगवल्याला इचारा, रोज सकाळी सात प्रेसला रबर कोण बांधत हुतं! निरीक्षक आलं की गोळा कोण करत हुतं!”

“गोळा करून ठेवत कुठं हुतास?” मगदूमनं अगदी सहज विचारलं.

“माझ्या डब्यात. आणि डबा ह्यांच्या कपाटात. किल्ली ह्यांच्याकडं.”

टाइपरायटर थांबला. मगदूम मुलीला म्हणाला, “ताई, ते पन लिवा. आणि पानावर सगळ्यांच्या सह्या घ्या. मी थांबतो.”

कुणी असं समजू नये की माझं मन पालटलं. माझ्या तोंडून खरं निघालं ते दस्तगीरसाठी नव्हे आणि सत्यासाठी तर मुळीच नव्हे. माझ्या गाठीचं श्रेय दुसऱ्याला जात होतं आणि एका साहेबानं मला बेअक्कल म्हटलं होतं. एवढ्यावर माझ्यासारख्याचं इमान कंपनीकडून सुटतं. दस्तगीरनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

त्या सह्या झालेल्या पानांची नक्कल मगदूमनं निरीक्षकांच्या कार्यालयात नेऊन दिली आणि पोच घेतली. पंधरा दिवसांत दस्तगीरवरचं आरोपपत्र मागं घेतलं गेलं. त्याला स्टोअरमध्ये हलकं काम मिळालं, पगार तोच. इंगवल्याला शिक्षा म्हणून ऑफिसात पंख्याखाली बसवलं.

आणि मला आरोपपत्र आलं. सात यंत्रांच्या सुरक्षा साधनांशी छेडछाड, सहकाऱ्यांच्या जिवाशी खेळ, चौकशीत परस्परविरोधी साक्ष. सोबत निलंबन. मी ते तीनदा वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, फक्त इंगवल्याचं नाव कुठं नव्हतं.

मी खर्डेकरांकडं गेलो. शिपायानं आत सोडलं नाही. ज्यांची रबरं रोज सकाळी बांधून दिली ते बाकीचे पाच जण गेटवर मला पाहून चपला दुरुस्त करायला खाली वाकायचे. दोष कसला द्यायचा, त्यांना हे मीच शिकवलं होतं. ज्यानं त्यानं आपलं बघावं, युनियन हवी कशाला.

“आता कुणाच्या पाया पडनार हाय?” माझी बायको आक्काताई म्हणाली. “साहेबांच्या पडून झालं. ऱ्हायलं कोण?”

“कोण ऱ्हायलं?”

“ज्याची नक्कल करून दावत हुता त्यो.”

मगदूम मला गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर भेटला. मी आरोपपत्र पुढं केलं. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं, पाठपोट.

“ह्यातनं तू वाचशील,” तो म्हणाला. “सुपरवायझरचं नाव घेतलं तर बडतर्फी टिकनार न्हाई. पन साक्षीदार लागतील. रबर त्याच्या हुकमानं बांधलं जायचं, हे सांगायला माणसं उभी ऱ्हायाला पायजेत.”

“तुम्ही घेताय न्हवं माझं प्रकरण?”

“मी एकटा कोण? सोमवारी बैठक हाय, तिथं मांडतो. सभासद ठरवतील.”

मला राहवेना. “आण्णा, एक सांगा. त्या दिवशी तुम्हाला खरंच गाठ यीत न्हवती, का मुद्दाम?”

“यीत न्हवती,” तो म्हणाला. “मी कशाला शिकू ती?” मग चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, “पन तुला बघवनार न्हाई, हे म्हाईत हुतं. सतरा वर्सं बघतोय तुला.”

सोमवारी आमची सुट्टी असायची. बैठक दुपारी दूध संस्थेच्या व्हरांड्यात होती, संध्याकाळचं दूध यायच्या आधी. बावीसचे एव्हाना चाळीस झाले होते. अपघातानंतर लोक भराभर सभासद झाले होते. माझ्या आयुष्यात मी युनियनसाठी केलेलं तेवढं एकच काम. मला व्हरांड्याच्या पायरीवर बसवलं होतं, कॅनच्या शेजारी.

मगदूमनं नेहमीसारख्या रटाळ आवाजात सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, “घ्यायचं का ह्याचं प्रकरण?”

“अजिबात न्हाई!” प्लेटिंग खात्यातला बाबासो तावातावानं उठला. “कंपनीचा चमचा त्यो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! सतरा वर्सं आपल्याला हसला, आता शेकायला लागल्यावर आलाय!”

“कुकर घिऊन आलाय का बघा,” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे खदाखदा हसले. ते हसू मला ओळखीचं होतं. माझंच होतं ते, मीच त्यांना सवय लावली होती.

“सभासद बी न्हाई त्यो.”

“आज सभासद होतो म्हणतोय,” मगदूम म्हणाला. “त्यासाठी सूचक लागतो. कोण सुचवतंय?”

कुणी हललं नाही. मी जमिनीकडं बघत होतो. मागच्या वर्षी हीच माणसं पत्रकं वाटत होती तेव्हा मी त्यातल्या एका पत्रकात शेंगा बांधून घेतल्या होत्या. आता त्यांच्यातल्या एकानं हात वर करावा म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. एक, कुणीही एक.

व्हरांड्याच्या कोपऱ्यातून हात वर झाला. डावा. त्याला अंगठा आणि करंगळी होती, मधे काही नव्हतं.

हसू थांबलं. बाबासो म्हणाला, “दस्तगीर, तू? आरं, तुझी बोटं ह्याच्यामुळं...”

“म्हणून तर म्हणतोय,” दस्तगीर म्हणाला. उठून उभा राहिला, पण हात खाली घेतला नाही. “ह्याला आत घ्या. माया आलीय म्हणून न्हवं. मी भुईवर पडलेलो आणि ह्यानं आधी रबर सोडवलं, ते मी बघितलंय. पन ह्यो बाहेर ऱ्हायला तर उद्या दुसऱ्या कुठल्या तरी शेडमध्ये जाईल. तिथं सातशे काढून दावंल. आणि तिथं बी कुणीतरी ह्याचं ऐकंल, माझ्यासारखं. आत असला तर आपल्या नजरंसमोर तरी ऱ्हाईल.”

“साक्ष देशील ह्याच्यासाठी?” मगदूमनं विचारलं.

“इंगवल्याविरुद्ध देतो. ह्याच्यासाठी न्हाई. ह्याला फायदा झाला तर होऊ दे.”

मग हळूहळू बाकीचे हात वर झाले. बाबासोचा सगळ्यात शेवटी. माझ्या बाजूनं आयुष्यात एवढे हात कधी उठले नव्हते, आणि त्यातल्या एकाही हाताला मी आवडत नव्हतो.

पुढं चार महिने प्रकरण चाललं. दस्तगीर साक्षीला आला, आणखी पाच जण आले, चपला दुरुस्त करणारे तेच. कंपनीनं मला एक वेतनवाढ रोखून कामावर घेतलं. मानक पुन्हा साडेचारशेवर आलं आणि प्रत्येक प्रेसची बटणं लोखंडी कड्यांच्या आत गेली, कुठलंही रबर पोचणार नाही अशी. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी व्हरांड्यात मगदूमनं सभासदाचा फॉर्म पुढं केला. मी सही केली. सूचकाच्या सहीसाठी त्यानं तो दस्तगीरकडं दिला. वारा होता. दस्तगीर उजव्या हातात पेन घेऊन कागद कॅनच्या झाकणावर दाबू पाहत होता, पण डाव्या हाताला ते नीट जमत नव्हतं. कागद एकदा उडाला, त्यानं पकडला, पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उठून कागद धरायला हात पुढं केला.

“ऱ्हाऊ दे,” तो माझ्याकडं न बघता म्हणाला. “तू हात लांब ठेव.”

मी हात मागं घेतला. त्यानं कोपरानं कागद दाबला आणि सावकाश, एकेक अक्षर काढत, सही केली.